समग्र मावशी

तारापूर-बोईसरच्या किनाऱ्यावर आमच्या मावशीइतका गोंधळ दुसऱ्या कुणीही घातलेला नाही, आणि हे मी कारखाने धरून सांगते. कारखान्याचं पाणी कुठून सुटतं, कुठल्या नाल्यातून जातं आणि कुठल्या खाडीत मासे उलटे करतं, हे निदान बोट दाखवून सांगता येतं. मी तेच करते, पत्रकांतून, ठळक अक्षरांत. मावशीचं चित्र मात्र कुठे सुरू होतं, कुठे संपतं, ते एक आहे की दहा, आणि मुळात अजून आहे की गेलं, हे तिच्यासकट कुणालाच सांगता येत नाही. तिच्या सगळ्या चित्रांची सूची करायला मी बसले तेव्हा माझी पुष्कळ बाबतींत पक्की मतं होती. आता थोडीच उरली आहेत. त्यातलं एक असं की सूची करायची तर माणूस आधी वर गेलेला असावा.

ती माझ्या आईची मावसबहीण. नवापूरच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता दमून थांबतो आणि बोंबील वाळत घालायचे बांबू सुरू होतात, तिथे तिचं कौलारू घर. बोईसरच्या एका हायस्कुलात तिने जन्मभर चित्रकला शिकवली. या भागातल्या कित्येक पिढ्यांनी तिच्या हाताखाली केळं आणि तांब्या काढला आहे, आणि आजही पालघरच्या कुठल्याही कचेरीत गेलं की एखादा साहेब दबकत विचारतो, बाई बऱ्या आहेत ना. चष्मा जाळ्याच्या दोऱ्याने मानेला बांधलेला, नखांत कायमची शाई, आणि बोलण्यात दर पाचव्या वाक्याला "मी मुंबईत शिकलेय". शिकलीय खरी. तिच्या वर्गातल्या मुलांची पुढे मोठमोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनं झाली, कॅटलॉग निघाले. हिला बोईसरची शाळा मिळाली आणि तांब्या मिळाला. ती हे हसत सांगते, पण सांगते फार वेळा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगून टाकते. मावशी रंगवत नाही, कोरते. लाकडाच्या फळीवर पटाशीने चित्र कोरायचं, फळीवर शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद ठेवून मागून घासायचं आणि कागद उचलायचा. त्यावर उमटतो तो छाप. कोरलं तेवढं पांढरं, ठेवलं तेवढं काळं. एकदा कोरलं की लाकूड परत भरता येत नाही. एवढं सोपं आहे. यात गोंधळ होण्यासारखं काही नाही असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

तर फळ्या. मावशीला बाजारातलं लाकूड चालत नाही, मोडीत निघालेल्या बोटींचं सागवान लागतं. किनाऱ्यावर एखादी जुनी बोट तोडायला काढली की घरची माणसं भोवती जमून गप्प उभी राहतात. बापाच्या काळापासूनची बोट असते. त्या गप्प माणसांत एक म्हातारी फळ्यांवर बोटाने टिचक्या मारत फिरत असते, ती आमची मावशी. एकदा तर मालकाचे डोळे पुसून व्हायच्या आत तिने नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची फळी मागून टाकली होती. छाप घासायला ती लाकडी डावाची पाठ वापरते, आणि काम झालं की तोच डाव स्वयंपाकघरात जातो. तिच्याकडची डाळ करडी का असते हा माझा लहानपणापासूनचा प्रश्न असा पुढे कधीतरी सुटला. फळी मोठी असली तर डाव पुरत नाही. मग शेजारच्या चार बायांना बोलावून कागदावर अनवाणी उभं करायचं. त्यांनी टाचा दाबत गप्पा मारायच्या आणि मावशीने भोवती फिरत ओरडायचं की डावीकडे कुणीच नाही. अशा एका छापाचा कोपरा फारच काळाकुट्ट उमटला आहे. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "तिथं सुनेचा विषय निघाला होता."

कागदाची कथा वेगळीच. बोईसरला औषधांच्या खोक्यांची छपाई करणारा एक प्रेस आहे, तिथले बिघडलेले ताव ती उचलते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर छापते. प्रेसवाला जौनपूरकडचा. ती दारात दिसली की तो आनंदाने सांगतो, "माताजी, इस बार माल बहुत अच्छा खराब हुआ है." त्यामुळे मावशीच्या पापलेटाच्या पाठीवर खोकल्याचं औषध असतं आणि खाडीवरल्या संध्याकाळच्या पाठीवर 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असतं. यात मला फार मोठा अर्थ दिसला होता. समुद्र आजारी आहे, वगैरे. अर्धं पत्रक लिहूनही झालं होतं. मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कागद जाड हाय, बाय. म्हणून घेते."

ती माझ्या कामी येत नाही असं नाही. खाडीच्या पाण्याविरुद्ध आम्ही मोर्चा काढला तेव्हा मी तिला फलकासाठी मेलेला मासा कोरून मागितला. तिने कोरला, पन्नासेक छाप काढून दिले. मासा मेलेला होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण तो इतका देखणा मेला होता की मोर्चा पालघरच्या कचेरीपर्यंत पोचेस्तोवर निम्मे फलक लोकांनी गुंडाळून पिशवीत घातले होते. घरी लावायला. उरलेल्यांतला एक मी तावातावाने साहेबांच्या टेबलावर आपटला. साहेबांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, आणि असा घोळ मासा हल्ली कुठे मिळतो म्हणून विचारलं. आमचं म्हणणं असं की मासा संपत चाललाय. साहेबांची अशी समजूत झाली की आम्ही मासा दाखवायला आलोय. मग त्यांनी मावशीचीही चौकशी केली. ते तिचे विद्यार्थी निघाले.

आता सूचीचं कारण. मावशीच्या फळ्या घरामागच्या गोठ्यात असतात. गोठ्यात गुरं कधीच नव्हती, फळ्याच होत्या, भिंतीला टेकवून छपरापर्यंत. अलीकडे पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला पाणी गोठ्यात येतं. खालच्या फळ्या कुजल्यात, वरच्यांना वाळवी लागलीय. मावशीला मूलबाळ नाही. हात कापतो, पटाशी धरली तेवढ्यापुरता थांबतो. मला याचा संताप आला. मुंबईत कुणी दोन रेघा मारल्या तरी त्यांना चौकट मिळते, आणि आमच्या किनाऱ्यावरची ही बाई जन्मभर कोरतेय तर तिच्या वाट्याला वाळवी. मी लिहायला बसले, फोटो जोडले, मुंबईतल्या एका संग्रहालयाला पाठवले. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती, न आल्यास काय छापायचं तेही ठरलं होतं. पण उत्तर आलं, आणि पाठोपाठ एक क्युरेटरबाई आल्या. तरुण, शांत, सुती साडी. मला भांडायला काही जागाच ठेवली नाही त्यांनी. गोठ्यात तासभर उकिडव्या बसून फळ्या पाहिल्या आणि उठताना त्यांचे डोळे ओले होते. ते वाळवीच्या धुळीने, असं त्या म्हणाल्या.

संग्रहालयाचं म्हणणं असं होतं. सगळ्या फळ्या ते नेणार, औषध मारून जपणार, आणि मावशीच्या चित्रांसाठी एक कायमची खोली देणार. तिच्या नावाची. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक, सगळ्या छापांची संपूर्ण सूची. दुसरी, फळ्या रद्द करायच्या. म्हणजे प्रत्येक फळीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक खोल तिरपा काप मारायचा, म्हणजे पुढे तिच्यावरून कुणाला छाप काढता येणार नाही. या धंद्यात तसा रिवाजच आहे म्हणे. छापत राहिलं तर संग्रहाला अर्थ राहत नाही. मावशीने हे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि खोली केवढी आहे ते विचारलं. क्युरेटरबाईंनी हात पसरून दाखवलं. मावशी म्हणाली, "मग करू रद्द." इतकी चटकन की मला तिच्याकडे बघावं लागलं. सत्तरीच्या पुढची बाई, पण चेहरा निकालाच्या दिवशीच्या मुलीसारखा.

मी सूचीला लागले. मला वाटलं होतं, नाव, वर्ष, आकार, किती छाप, पुढचं. पहिल्याच फळीवर खेकडा होता. नाव काय, मी विचारलं. मावशी म्हणाली, नर्मदा. दुसरीवर पाकट मासा, त्याचं नाव पोस्टमन. तिसरीवर ताडाची रांग, तिचं नाव माहीमचे भाऊजी. तिची पद्धत अशी की पहिला छाप ज्याला दिला त्याचंच नाव चित्राला. आणि शेजारच्या नर्मदेला तिने आयुष्यात कमीत कमी अकरा चित्रांचे पहिले छाप दिलेले. सगळी नर्मदा. बरं, लोक आपापल्या घरातल्या छापाला आपलंच नाव देतात, म्हणजे एकाच खेकड्याला नवापुरात नर्मदा म्हणतात आणि पालघरच्या माहीमला गेल्यावर तो सुलभा होतो. क्युरेटरबाईंनी सांगितलं की छापावर क्रमांक घालतात, दहापैकी तिसरा, असं. मावशीला हे फार आवडलं. तिने घरातल्या सगळ्या छापांवर बसून सात घातला. सगळ्यांवर सात का, तर सात काढायला छान असतो.

हे मी निस्तरलं असतं. खरा घोळ बोटींचा. नवापूरच्या बऱ्याच बोटींची मावशीकडे एकेक फळी आहे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून बोटी पाण्यात जायच्या आधी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तिच्याकडे कागद घेऊन येतो. ओट्यावर बसतो आणि घरात वर्षभरात काय झालं ते सांगतो. कुणी गेलं, कुणी जन्मलं, मुलगी कुठे दिली, इंजिन कितीदा बसलं. मावशी ऐकते आणि त्याच्या फळीत एक काप मारते. एकच. वारलेल्या म्हाताऱ्याच्या जागी पांढरं, जन्मलेल्या पोरासाठी आभाळात एक पांढरा ठिपका. मग छाप काढून देते. तो बोटीच्या केबिनमध्ये चिकटतो आणि खारा वारा, डिझेलचा धूर, मिठाचं पाणी खाऊन पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याची खपली होते. खपली खरवडायची आणि नवा लावायचा. म्हणजे फळी एक, पण चित्र दरवर्षीचं वेगळं, आणि मागच्या सगळ्या वर्षांची चित्रं समुद्राने खाल्लेली. हे एक चित्र धरायचं की तीस? जी आता कुठेच नाहीत ती सूचीत घालायची का? क्युरेटरबाईंना फोन केला. त्यांनी फळ्यांचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "निदान आत्ता जी आहेत ती तरी जपून ठेवायला सांगा."

मी पत्रक काढलं. स्पष्ट, ठळक अक्षरांत. मावशींच्या चित्रांची नोंद करायची आहे, बोटीतली चित्रं घेऊन रविवारी सकाळी मावशींच्या घरी यावे. यात संदिग्ध काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. रविवारी सकाळी अख्खा किनारा आला. प्रत्येकाच्या हातात गुंडाळलेला कोरा कागद आणि प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर खरवड. मावशीच्या घरी बोलावलंय म्हणजे जुनं काढून नवं घ्यायचं, हे त्यांना पत्रक न वाचताही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते वाचलं नव्हतं. रंग खरवडायच्या पट्टीने केबिनची भिंत लख्ख करून आले होते. आत्ता जी होती तीही गेली. मी एकेकाला विचारत होते की तुम्हाला लिहिलेलं दिसत नाही का, आणि ते मला समजावत होते की ओली करून काढली तर खपली सुटते, आमी तशीच काढली. एकाने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, घे, नोंद कर.

तेव्हाच मावशीने त्यांना सांगून टाकलं की फळ्या मुंबईला जाणार, आणि यंदा कुणाच्याच फळीत काप नाही. रद्द व्हायच्या फळीला काप कशाला. भांडतील म्हणून मी तयारीत होते. कागद गुंडाळीतच ठेवून एकेक जण निघाला. हिराजी तांडेल तेवढा मागे राहिला. तो मावशीचा शेजारी, वयाने तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, तांब्या काढायला हिच्याच वर्गात कधीकाळी बसलेला.

"आमची फळी मुंबईला जाणार तर," तो म्हणाला.

"जाणार."

"तिकडं तिला काम काय?"

"काम कशाला असायला हवं? लोक बघणार तिला."

"मंग आमी काय करत होतो इतकी वरसं?"

मावशी ओट्यावर सांडलेली खरवड झाडायला लागली. उत्तर मी देणार होते. पत्रक लिहायला समोर शत्रू लागतो, आणि मी त्या ओट्यावर उभी राहून शत्रू शोधत होते. क्युरेटरबाई भल्या होत्या. हिराजी भला होता. मावशीला जे हवं होतं ते मागायचा तिला पूर्ण हक्क होता. वाळवीवर पत्रक काढता येत नाही.

फळ्या रद्द करायच्या दिवशी क्युरेटरबाई टेम्पो घेऊन आल्या. बोटी रंगवून तयार होत्या, दोन दिवसांत पाण्यात जाणार होत्या. हिराजीला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. योगायोगाने वरची फळी त्याचीच निघाली. त्या फळीवर समुद्र आहे, काळा, दाट. त्यात बोट. बोटीच्या मागच्या टोकाला एक माणूस सुकाणू धरून आणि पुढच्या टोकाला एक पोरगा जाळं सोडताना. क्युरेटरबाईंनी पट्टी ठेवून पेन्सिलीने तिरपी रेघ आखून दिली. काप कलावंतानेच मारायचा असतो. मावशीने पटाशी धरली, हात थांबला, आणि तिने एका दमात वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत लाकूड उलगडत नेलं. सागवानाचा वास सुटला. हिराजी भिंतीवरच्या पालीकडे बघत होता.

मग क्युरेटरबाई म्हणाल्या की आता एक शेवटचा छाप काढू, फळी रद्द झाल्याचा पुरावा म्हणून, तोही रिवाज आहे. मावशीने शाई फिरवली, कागद ठेवला, डावाची पाठ घासली, कागद उचलून उजेडात धरला. काळ्या समुद्रातून एक पांढराशुभ्र पट्टा खाली उतरला होता. मावशीने चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ घेतला, लांब धरला, आणि म्हणाली, "खाली जरा अरुंद झालाय. इथं रुंद करायला हवा."

क्युरेटरबाईंनी हळूच सांगितलं की मॅडम, ती रद्द केल्याची खूण आहे, ती चित्रात धरायची नाही.

"कागदावर आहे ना?" मावशी म्हणाली. "मग चित्रात आहे."

आणि ती पुन्हा फळीवर वाकली. तोवर हिराजी दारातून आत आला होता. त्याने ओला छाप दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ पाहिला. पांढरा पट्टा बोटीच्या पुढच्या टोकावरून गेला होता. तिथे जाळं सोडणारा पोरगा आता नव्हता.

"पोरगा गेला बघ," हिराजी म्हणाला.

"कुठं?"

"बोटीवरून. बोईसरला कंपनीत लागला, गणपतीपासून जाणार. यंदा मी एकटाच, खलाशी भाड्याने घेऊन. हेच सांगायचं होतं तुला, पण तू म्हणालीस यंदा काप नाय."

मावशीची पटाशी थांबली. तिने त्याला खाली बसायला सांगितलं. मग विचारलं, पगार बरा आहे का, राहणार कुठे, आई काय म्हणते त्याची. हिराजी सांगत राहिला आणि ती ऐकत पट्ट्याची कड साफ करत राहिली. पोराचा एक हात अर्धवट उरला होता, तोही तिने काढला. जाळं मात्र ठेवलं. जाळं आता कुणी न धरता पाण्यात उतरत होतं. दुसरा छाप काढला, तो हिराजीने मागितला आणि तिने दिला. पुराव्याचा पहिला छापही अजून त्याच्याच हातात होता, त्यासाठी क्युरेटरबाईंनी हात पुढे केला होता. तो हात हवेत तसाच राहिला, मग त्यांनी तो साडीला पुसला.

त्यांनी खरं तर तिथेच थांबवायला हवं होतं. पण मावशी आता रंगात आली होती. पुढची आणा, म्हणाली. पुढची रद्द झाली, तिचा छाप निघाला, तिथे तिरपी रेघ ताडावरून गेली होती आणि ताड वाऱ्यात वाकल्यासारखा दिसायला लागला. मावशीने त्याला आणखी दोन रेघा देऊन वादळ केलं. खेकड्याच्या पाठीवरून गेलेल्या रेघेचं तिने भरतीचं पाणी केलं. हिराजीने बाहेर जाऊन काय सांगितलं देव जाणे, दुपारपर्यंत ओट्यावर तांडेलांची रांग लागली, प्रत्येकाच्या बगलेत कोरा कागद. जितक्या फळ्या रद्द होत होत्या तितकी नवी चित्रं होत होती. क्युरेटरबाई पालथ्या घातलेल्या मासळीच्या क्रेटवर बसून मुंबईला फोन लावत होत्या आणि विचारत होत्या की रद्द केलेली फळी पुन्हा रद्द करायची झाल्यास नियम काय. नियम सापडत नव्हता. संध्याकाळी टेम्पो रिकामा गेला. जाताना त्या मला म्हणाल्या, "मला काय लिहायचं तेच कळत नाहीये." मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या संस्थेच्या माणसाला म्हटलं की मलाही.

संग्रहालयाचं पत्र रीतसर आलं. रद्द केलेल्या फळ्यांवरून छपाई सुरू असल्याचे निदर्शनास आल्याने प्रस्ताव पुढे नेता येत नाही. मी ते वाचून दाखवलं. मावशी खरोखरच चकित झाली. "त्यांनी सांगितलं तसंच तर केलं मी," ती म्हणाली. तिने नकार दिला होता असं मी किनाऱ्यावर ऐकते, बाई कशी बाणेदार, मुंबईकरांना कसं परत पाठवलं. ते खोटं आहे. तिला ती खोली हवी होती. तिला फक्त थांबता आलं नाही.

फळ्या आता ज्याच्या त्याच्या घरी माळ्यावर आहेत. पुढच्या भरतीच्या आधी एकेकाने येऊन आपापली नेली. हंगामाच्या आधी ते त्या डोक्यावर घेऊन येतात, गोष्टी सांगतात, काप मारून घेतात आणि परत नेतात. सूचीत मी माळ्यांचा एक रकाना वाढवलाय. मध्यंतरी दोन फळ्यांची अदलाबदल झाली आणि दोन्ही घरांत चुकीच्या माणसांचे ठिपके पडले. कुणी तक्रार केली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे शाई घेऊन गेले होते. ती रूळ फिरवत होती. मध्येच म्हणाली, "तू बघितलीस ना गं ती खोली?" मी कामासाठी मुंबईला गेले होते तेव्हा क्युरेटरबाईंनी मला दाखवली होती, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. "भिंती कसल्या होत्या? पांढऱ्या?"

"पांढऱ्या," मी म्हटलं.

"पांढऱ्या म्हणजे कशा? कागदासारख्या की चुन्यासारख्या?"

चुन्याच्या भिंतीवर छाप मरतो, असं तिचं मत आहे. चुना उजेड पितो म्हणे, आणि काळं करडं दिसतं. त्या भिंती कागदासारख्या होत्या. नव्या, जाड, कोऱ्या कागदासारख्या. आत गेल्यावर मला उगाच चप्पल काढावीशी वाटली होती.

"चुन्याच्या," मी म्हटलं. "कोपऱ्यात ओल पण होती."

"वाटलंच मला," मावशी म्हणाली, आणि रूळ पुन्हा फिरायला लागला. शाई पसरताना येतो तो चिकट आवाज थोडा वेळ येत राहिला. मग खाली बघतच तिने विचारलं, "पण मोठी होती ना?"

"हो," मी म्हटलं. "खूप मोठी होती."